माझ्या नावाचं रक्त

४ ऑगस्ट

धाकटे,

साडेसहा वर्षांनी माझं अक्षर बघून कुणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल. कुणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत, तुझे भावोजीसुद्धा, घोरण्यासकट.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझे चार दिवस जातात. शिवाय कागदावर लिहिलेलं मागाहून नाकारता येत नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

तर काल मला हॉस्पिटलचं पत्र आलं. तेच ते संशोधनवाले. सात वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी आईकडच्या सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये गोळा केलं होतं. आजी, मोठी मावशी आणि आपली आई, तिघींना तोच कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आत. म्हणून आपल्या घरात आईकडून लेकीकडे काही बिघाड उतरतोय का, ते रक्तात शोधणार होते. ज्यांच्यात सापडेल त्यांनाच कळवू, बाकीच्यांना त्रास देणार नाही, असं फॉर्मवर छापलं होतं.

मला कळवलंय. नाव माझं, नंबर माझा, पत्ता माझा. 'आपल्या नमुन्यात आनुवंशिक बदल आढळला आहे. त्यामुळे स्तनाचा व बीजकोशाचा कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. खात्रीसाठी पुन्हा रक्त देण्यास व सल्ल्यासाठी लवकरात लवकर यावे.' खाली सही, ती कुठल्याही डॉक्टरची असते तशी, कोंबडीने पाय ओढल्यासारखी.

आता तुझ्यामाझ्यातलं बोलते. त्या दिवशी प्रत्येकीच्या हातात एक पाकीट दिलं होतं, त्यात फॉर्म आणि नंबरचे छापील स्टिकर. पाकीट घेऊन खुर्चीत बसायचं, नर्स त्यातले स्टिकर रक्ताच्या बाटलीवर चिकटवणार. माझा नंबर पुकारला आणि मी जागची उठलेच नाही. सुईला मी घाबरत नाही, हे तुला माहीत आहे. आईचं अकरा महिने केलं होतं मी. मला फक्त कळून घ्यायचं नव्हतं. तू माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलंस आणि म्हणालीस, "आण इकडे. मला दोन हात आहेत. नर्स नंबर बघते, तोंडं कुठे बघत बसते!" मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. वीस मिनिटांनी तू आलीस आणि म्हणालीस, "झालं काम."

तेव्हा माझ्या नावाच्या बाटलीत रक्त कुणाचं, हे हॉस्पिटलला ठाऊक नसलं तरी आपल्या दोघींना ठाऊक आहे. हे पत्र तुझं आहे. पत्ता तेवढा माझा.

एकच गोष्ट मला खटकते. दोन्ही बाटल्यांत तुझंच रक्त, मग तुझ्या नावानेही असंच पत्र यायला हवं. आलंच असणार. मग मला का कळवलं नाहीस? मला काय समजतेस ते एकदा सांगून टाक.

सोबत पत्राची झेरॉक्स जोडली आहे. माझं काम मी केलं. पुढचं तुझं तू बघ.

ताई


१३ ऑगस्ट

धाकटे,

नऊ दिवस झाले. पोस्ट कितीही रेंगाळलं तरी तीन दिवसांत पोचतं, मी चौकशी केली आहे.

शेवटी काल तुझ्या शाळेत फोन लावला. कारकून म्हणाला, "बाई सात तारखेपासून रजेवर आहेत. मोठी रजा आहे." कारण विचारलं तर म्हणे, घरगुती. तुला घरात आहे कोण घरगुती कारण घडायला? मग तुझ्या शेजारणीला फोन केला. ती तर पढवल्यासारखी बोलली. घराला कुलूप आहे, दूध बंद केलंय, कुंड्यांना पाणी घालायला चावी देऊन गेली आहे, कुठे ते बोलली नाही. 'बोलली नाही' हे तिने तीनदा सांगितलं. एखादी गोष्ट तीनदा सांगणारा माणूस ती पाठ करून आलेला असतो. लाँड्रीच्या काउंटरवर चोवीस वर्षं काढलीत मी. "हा डाग आधीपासूनच होता," असं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा म्हणालं की समजायचं, घरी जाऊन त्यानेच पाडलाय.

कुठेतरी पाणी मुरतंय. सातला तुला पत्र मिळालं आणि सातलाच तू नाहीशी झालीस. उपचारांना गेलीस का? मग माझ्यापासून लपवायचं कशाला? की मी येऊन उशाशी बसेन याची धास्ती? की एकटीने सगळं सोसून, बरं झाल्यावर मला ऐकवायचंय, 'बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही'? तुझा स्वभाव तसाच आहे. लहानपणी हात मोडला तेव्हा संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतंस. तेव्हाही माराच्या भीतीने नाही, मी आईला सांगीन म्हणून.

आपलं भांडण तुझ्या मनातून गेलेलं नाही, हे मी जाणून आहे. माझ्याही गेलेलं नाही. ते रक्त दिल्यापासून तू सारखी माझ्या पाठी लागली होतीस. "ताई, तुझी स्वतःची तपासणी कर. पोरीचीही करून घे. दरवर्षी करून घे." महिन्याला फोन, सणवार असल्यासारखा. एकदा तर पोरीला परस्पर डॉक्टरकडे घेऊन जायला निघालीस. तेव्हा मी जे बोलले ते मी विसरले असं समजू नकोस. तुला मूल नाही म्हणून माझ्या मुलीवर डोळा ठेवतेस, असं मी म्हणाले होते. तू पर्स उचललीस आणि गेलीस. चहा तसाच राहिला.

बोलले ते चूक होतं. पण तूही सांग ना, कशावरून एवढी मागे लागली होतीस? तुला तेव्हाच काही माहीत होतं का?

जाता जाता एक. पत्र अगदी 'काल'च आलं नव्हतं. आठ-दहा दिवस झाले असतील. दुकानात गर्दी होती, लिहायला सवड झाली नाही.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई


२३ ऑगस्ट

धाकटे,

तू लपून बसलीस म्हणून मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. काल हॉस्पिटलमध्ये जाऊन आले.

डॉक्टर आधी भेटतच नाहीत. त्यांच्याकडे समजावण्यासाठी एक वेगळी बाई ठेवलेली असते. समुपदेशक म्हणतात. खोली लहान, खिडकी नाही, टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा आधीच उघडून ठेवलेला. मी तो मुद्दाम लांब सरकवला. बाई पंचविशीतली, गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्यांचं मला आधीच वावडं.

तिने आपल्या घराण्याचा नकाशा काढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. ज्याला आजार झाला त्याचा गोल काळा भरायचा, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ. आजी काळी, मोठी मावशी काळी, आई काळी, तिघींवर रेघा. आपली आई, धाकटे, बटणाएवढ्या गोलात मावली होती. तिच्याखाली आपण दोघी, पांढऱ्या. माझ्या गोलाखाली एक लहान गोल, पोरीचा. तुझ्या गोलाखाली कोरा कागद. मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले आणि मला माझं ते बोलणं आठवलं. फार वाईट वाटलं. हे तुझ्यासमोर म्हणाले नसते, म्हणून इथे लिहिते.

माझं रक्त घेतलं त्यांनी. या वेळी माझ्याच दंडातून, मीच खुर्चीत बसून. आता कळलं तर कळलं. बावन्न वर्षांची झाले, आईपेक्षा चार वर्षं जास्त जगले, घाबरायचं तरी किती?

मग मी हळूच विषय काढला. "समजा एकाच बाईने दोघींच्या नावांनी रक्त दिलं, तर तुमच्या मशीनला कळतं का?"

"लगेच कळतं," ती म्हणाली. "दोन नमुने तंतोतंत जुळले की आम्ही बाजूला काढतो. जुळ्या बहिणी असल्या तर गोष्ट वेगळी."

"आमच्या घरातले असे कुठले निघाले का?"

"नाही. तुमच्याकडच्या एकतीस बाटल्या, एकतीस माणसं." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "का हो?"

"सहज. आमच्या लाँड्रीत कधीकधी टॅग बदलतात."

ती हसली. मी नाही हसले. लाँड्रीत नंबर कपड्याला असतो, माणसाला नसतो. कोट कुणीही आणून टाकावा, टॅग आम्ही कोटाला लावणार. त्यांचंही तेच दिसलं. पण एकतीस बाटल्या आणि एकतीस माणसं, याचा अर्थ तू माझ्या पाकिटावर रक्त दिलंच नाहीस! मग कुणी दिलं? सात वर्षं तू मला बनवत आलीस? मामेबहिणींपैकी कुणाला खुर्चीत बसवलंस? ती जाडी तर कापूस बघूनच आडवी झाली होती. कोणीतरी एक बाई हा बिघाड अंगात घेऊन हिंडते आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. तिला तिची पोरंबाळं असतील. नाव सांग तिचं. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

की हॉस्पिटलच लबाडी करतंय? संशोधन म्हटलं की आकडे लागतात, असं तुझे भावोजी म्हणतात. त्यांचं मी मनावर घेत नाही, पण या वेळी तेही खोडून काढवेना.

आणखी एक सांगायचंय. रविवारी लेकीला फोन केला. ती हल्ली तुटक बोलते. ऑफिसात नकाशे काढायचं काम वाढलंय म्हणते. आवाज बसलेला. बोलता बोलता मागे कुणीतरी खाकरलं. तू वर्गात शिरण्याआधी खाकरतेस ना, दोनदा, तसं. मी विचारलं, "कोण आहे गं?" म्हणाली, "टीव्ही." टीव्ही खाकरत नाही, धाकटे.

तू माझ्या पोरीकडे जाऊन बसली आहेस का? तिच्या कानात काय भरवते आहेस? तिला या पत्राचं काही सांगितलंस तर बघ. तिने अजून काही पाहिलेलं नाही जगातलं. सत्तावीस म्हणजे काय वय आहे? तिला या सगळ्यातून लांब ठेव. एवढीच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते आहे. तुला माहीत आहे, मला हात जोडायची सवय नाही.

ताई


१५ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र लेकीच्या पत्त्यावर, तुझ्या नावाने कुरिअर करते आहे. आधीची दोन तुझ्या दाराच्या फटीतून आत पडली असतील. परत गेलीस की न वाचता फाडून टाक. वाचलीस तरी माझं काही म्हणणं नाही, लायकीच तेवढी आहे माझी.

काल हॉस्पिटलात बोलावलं. या वेळी समजावणाऱ्या बाईशेजारी मोठे डॉक्टरही बसले होते. दोघंही मला आधी बसा म्हणाले. बसा म्हटलं की पुढचं काय असतं ते आईच्या वेळेपासून मला कळतं.

"तुमच्यात तो बदल आहे," डॉक्टर म्हणाले. "पण सात वर्षांपूर्वी तुमच्या नावाने आलेलं रक्त तुमचं नाही."

मनात म्हटलं, आता पोलिसात देतात की काय.

"ते तुमच्याशी निम्मं जुळतं. बरोबर निम्मं."

"बहीण," मी म्हणाले. "माझी बहीण असेल."

बाईने नाही म्हणून मान हलवली. "बहिणींचं जुळणं वेगळं दिसतं. हे आई आणि मुलीचं आहे. तुमची आई तर तेव्हा हयात नव्हती."

तो डबा कुठे ठेवला होता त्यांनी, मला दिसलाच नाही. पदराने डोळे पुसले.

कॉरिडॉरमध्ये उभी राहून लेकीला फोन लावला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आई, आधी कुठेतरी बस." आणि मग सगळं सांगितलं. तू माझं पाकीट घेऊन दुसऱ्यांदा खुर्चीशी गेलीस तेव्हा तुझ्या दंडावर कापूस होता. नर्सने अडवलं, "तुम्ही आत्ताच देऊन गेलात ना?" तू मागे फिरलीस. पोर तिथेच म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देत होती, पंचविशीच्या आतल्यांना पाकीट नव्हतं म्हणून तिने स्वतःचं रक्त दिलंच नव्हतं. तिने तुझ्या हातातून पाकीट ओढलं. "दे गं मावशी, मी देते. आईचं नाव लागलं म्हणजे झालं." तू नको नको म्हणेपर्यंत ती बाही वर करून बसलीसुद्धा. वीस वर्षांची होती. "मला वाटलं, रक्त म्हणजे रक्त," म्हणाली. "घरातलंच आहे ना." आणि तुझ्याकडून वचन घेतलं की आईला सांगायचं नाही. आई घाबरते.

म्हणून तू माझ्या पाठी लागली होतीस. मी तपासणी करणार नाही, आणि पोरीचं जे निघेल ते माझ्या नावाने निघेल, हे तू एकटी जाणत होतीस. वचन मोडता येईना म्हणून फोनवर फोन करत होतीस, आणि त्याचं बक्षीस मी तुला काय दिलं ते आपण दोघी जाणतो. तुझ्या रक्तात काही निघालंच नव्हतं, म्हणून तुझ्या नावाचं पत्र आलं नव्हतं. सात ऑगस्टला माझं पत्र वाचलंस आणि संध्याकाळच्या गाडीने तू तिच्याकडे गेलीस. मी इकडे तुला फरार ठरवत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि वळसा घालताना वाटेत दिसेल त्याला चोर म्हणत सुटले.

तू नेऊन तिची तपासणी करून घेतलीस. तिच्या स्तनातली गाठ हाताला लागत नव्हती, मशीनमध्ये दिसली, तिने सांगितलं. वाटाण्याएवढी. काखेतल्या एका गाठीपर्यंत पोचली आहे. बावीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर आशेने बोलतात, पण "काखेत पोचायच्या आधी सापडली असती तर आणखी सोपं होतं," असं म्हणाले, हेही तिने सांगितलं. तुम्ही दोघींनी ऑपरेशन झाल्यावर मला कळवायचं ठरवलं होतं. तिचीच कल्पना. आई घाबरते.

आणि मग ती म्हणाली, "आई, तू पत्र आल्याआल्या मावशीला कळवलंस म्हणून एवढ्यात तरी कळलं. थँक यू."

मी "हं" म्हणाले.

धाकटे, आता हे नीट वाच. माझं हे एवढंच वाक्य खरं आहे असं समजलीस तरी चालेल. हॉस्पिटलचं पहिलं पत्र मला सहा जूनला आलं. तीन ऑगस्टला आलं ते त्यांचं स्मरणपत्र. म्हणून मी तुला 'काल' लिहिलं, आणि मग आठ-दहा दिवसांची थाप मारली. सहा जून ते चार ऑगस्ट. एकोणसाठ दिवस ते पत्र माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होतं. विसरले नव्हते मी. रोज माहीत असायचं की ते तिथे आहे. मला वाटत होतं ते तुझं आहे. तुझ्या अंगात काय आहे ते मला माहीत आहे आणि तुला नाही, आणि साडेसहा वर्षं मला फोन न करणाऱ्या बाईने आधी फोन करावा, मग सांगू, असं मी मनाशी म्हणत होते. तुझं काही वाईट व्हावं असं नव्हतं वाटत. नाही, खोटं कशाला लिहू? थोडं वाटत होतं. तू घाबरावीस, रडत माझ्या दारात यावीस, असं वाटत होतं.

ते तुझं असतं तरीही मी पापीच होते. पण ते माझ्या पोरीचं होतं.

फोन ठेवून मी पुन्हा त्या खोलीत गेले. समजावणाऱ्या बाईला विचारलं, "कळायला दोन महिने उशीर झाला तर फरक पडतो का?" तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "तसं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही." ती 'नाही' म्हणाली नाही. मी आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातलं न बोललेलं हेरत आले, तेही हेरलं.

दुकानातून महिन्याची रजा घेतली आहे. परवा सकाळी तिच्याकडे पोचते. तू माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. स्वयंपाक, हॉस्पिटलचे हेलपाटे, रात्री उशाशी बसणं, जे सांगशील ते करीन आणि गप्प राहीन. तू म्हणालीस तर परत जाईन, पण ते तिला सांगून झाल्यावर.

कारण ते एकोणसाठ दिवस तिला सांगायचे आहेत. ऑपरेशनच्या आधी. तू म्हणशील, आत्ता नको, पोरीला धक्का बसेल, मी सांभाळून घेते. मला सांभाळून घेतलंत म्हणूनच तिच्या दंडात सुई गेली. तिला माझा राग आला तर येऊ दे. तिने तोंड फिरवलं तर फिरवू दे.

मी सांगेन तेव्हा तू तिच्या शेजारी बस. माझ्या शेजारी नको.

ताई